कोरड्या हवेत उमलणारं फूल

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर काचेच्या एका जुन्या पेल्यात सात फुलं आहेत. पेल्यात पाणी नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत ती तोडली, तेव्हापासून त्यांना पाण्याचा थेंब मिळालेला नाही. घरी येणारा पाहुणा ती बघतो आणि विचारतो, "प्लॅस्टिकची का?" मी नाही म्हणतो. मग तो बोटानं चाचपून पाहतो. पाकळ्या कागदासारख्या कुरकुर वाजतात. "म्हणजे कागदाची!" असा निकाल देऊन तो चहाकडे वळतो.

मित्रहो, ही फुलं प्लॅस्टिकची नाहीत आणि कागदाचीही नाहीत. बियांच्या पाकिटावर यांचं नाव 'हेलिक्रिसम' असं छापलेलं असतं. इंग्रजीत त्यांना एव्हरलास्टिंग डेझी म्हणतात. आपल्याकडे काही जण कागदी फूल म्हणतात, पण ते नाव बोगनवेलीनं आधीच घेऊन ठेवलंय. आज मला तुमच्याशी या फुलाविषयी बोलायचंय. मी बी.ए. झालो, तोही मराठी घेऊन. त्यामुळे वनस्पतिशास्त्राशी माझं नातं शेजाऱ्याचं आहे. पण या एका झाडानं मला कठीण काळात काही गोष्टी शिकवल्या, म्हणून हा अधिकार घेतोय.

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तिथे ते गवताळ माळांवर, डोंगरउतारांवर, विरळ झाडीत, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवतं. उंची वीतभरापासून कमरेपर्यंत. रानातलं फूल बहुतेक सोनेरी पिवळं असतं. तिथून ते युरोपात गेलं आणि थेट राजवाड्याच्या बागेत पोहोचलं. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिला देशोदेशीची झाडं जमवायची हौस होती. तिच्या माल्मेझाँच्या बागेतल्या झाडांवर व्हाँतना नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं पुस्तक लिहिलं. त्यात १८०३ साली या झाडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं. पुढे १८५० च्या दशकात जर्मनीतल्या रोपवाटिकांनी त्यात पांढरे, गुलाबी, किरमिजी, तांबूस असे रंग आणले. आज आपल्याला पाकिटात मिळतात ते हेच जर्मन वळणाचे रंग.

व्हाँतनानं दिलेलं नाव टिकलं नाही. नंतर ते हेलिक्रिसम झालं, मग ब्रॅक्टिअँथा झालं आणि आता शास्त्रज्ञ त्याला झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम म्हणतात. आम्हा शायरांत तखल्लुस बदलणारे असतात, पण इतक्या वेळा कुणी बदललेलं मला माहीत नाही. मात्र शेवटचं नाव फार नेमकं आहे. ग्रीक भाषेत झेरोस म्हणजे कोरडं आणि क्रायसॉस म्हणजे सोनं. कोरडं सोनं! मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला या नावाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

आता या फुलाचं गुपित. ज्यांना आपण पाकळ्या समजतो, त्या पाकळ्या नाहीतच. हे झाड सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या कुळातलं. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो शेकडो बारीक फुलांचा मेळा असतो. मधली पिवळी चकती दिसते ना, तीच खरी फुलं. त्यांच्याभोवती संरक्षणासाठी काही पानं असतात. शास्त्राच्या मराठीत त्यांना छदे म्हणतात. सूर्यफूल उलटं केलं की खाली हिरवी टोकदार पानं दिसतात, ती छदेच. आपल्या या झाडात ती हिरवी न राहता रंगीत, चकचकीत आणि कागदी होतात. गंमत अशी, की बोगनवेलीचा रंगही छदांचाच असतो. म्हणजे दोघांना एकच नाव देणारी माणसं अगदीच चुकली नव्हती.

दुसरं गुपित अधिक चकित करणारं आहे. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली या छदांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. फूल उमलतं, तेव्हाच या छदांमधल्या पेशी मेलेल्या असतात, असं त्यांना दिसलं. मागे उरतात त्या पेशींच्या जाड भिंती. गुलाबाची पाकळी जिवंत असते, पाण्यानं भरलेली असते, म्हणून पाणी गेलं की ती कोमेजते. या फुलाकडे गमावण्यासारखं पाणीच नसतं. मग कोमेजणार काय?

आणि तरीही हे फूल हलतं. हवा कोरडी असली, ऊन पडलं, की छदे पसरतात. रात्री, ढगाळ दिवशी, पावसात हवा दमट झाली की ती आत वळतात आणि मधल्या खऱ्या फुलांवर छप्पर धरतात. परागकण भिजत नाहीत. छदाच्या तळाशी बिजागरीसारखा भाग असतो. तिथल्या पेशींच्या भिंती ओल शोषून फुगतात, त्याही एका बाजूला जास्त, म्हणून छद वळतं. यासाठी जीव असण्याची गरज नाही. आपल्या माळावरचं कुसळी गवत आठवा. त्याचं वाळलेलं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा पीळ घेतं आणि असं करत बी जमिनीत शिरतं. तोच हा खेळ. माझ्या पेल्यातल्या फुलावर पाणी शिंपडलं, तर काही मिनिटांत ते मिटू लागतं. वाळलं की पुन्हा उमलतं. इतकी वर्षं झाली, अजून उमलतं.

आता लागवडीचं सांगतो. ऑस्ट्रेलियात याचे झुडपासारखे वाढणारे बहुवर्षायू प्रकार आहेत. क्वीन्सलँडच्या डोंगराळ भागातून आलेला 'डार्गन हिल मोनार्क' हा त्यातला नावाजलेला. गुडघ्याएवढा उंच, त्याहून जास्त पसरणारा, करड्या लवदार पानांचा, मोठ्या सोनेरी फुलांचा. बहर ओसरला की तिथे तो निम्म्याहून खाली छाटतात, मग बुंध्याकडून नवे फुटवे येतात. दोन-तीन वर्षांनी झुडूप थकतं, तेव्हा फांदीच्या कलमांपासून नवं करतात. आपल्या सपाटीवरचा उन्हाळा मात्र या झाडाला मानवत नाही. इथे ते हिवाळ्यातलं हंगामी फुलझाड म्हणूनच लावावं.

बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात टाकावं. बी बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. म्हणून ते मातीत पुरू नये. ओल्या मातीवर पसरून तळहातानं हलकं दाबावं. आठ-दहा दिवसांत उगवतं. चार-पाच आठवड्यांनी, रोपाला सहा-सात पानं आली की हातभर नाही, पण फूटभर अंतरावर लावावं. जरा वाढलं की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे जास्त येतात. जानेवारी उजाडता उजाडता कळ्या दिसू लागतात.

ऊन निदान सहा तास हवं. सावलीत झाड नुसतं उंच होऊन लोळतं. जमीन निचऱ्याची हवी. आमच्या लातूरची काळी माती पाणी धरून ठेवते आणि हे झाड कोरड्यापेक्षा चिखलानं लवकर मरतं. माझी पहिल्या वर्षीची सगळी रोपं मी अशीच मायेनं पाणी घालून मारली. पुढच्या वर्षी वाफा वीतभर उंच केला, मातीत बारीक मुरूम आणि थोडं मुरलेलं शेणखत मिसळलं, तेव्हा जमलं. रासायनिक खताचा मारा नको. विशेषतः स्फुरद जास्त झालं तर झाड बिघडतं. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. ते लोहाची कमतरता असल्याचं लक्षण. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, त्याची हलकी फवारणी करावी. पानावर फोडासारखे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा. अशी पानं काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावं. उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत असं समजावं आणि पुढच्या वर्षी जागा बदलावी.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि खरं बोलणं इथेच आहे. हे झाड अवर्षण सोसतं, म्हणजे पाण्यावाचून जगतं असं नव्हे. रोप लहान असताना त्याला नियमित ओल लागते. मुळं खोल गेली की मात्र थोडक्यात भागतं. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा, पण मुळापर्यंत जाईल असं पाणी द्यावं. बोट दोन पेरं मातीत घालावं, ओल लागली तर पाणी देऊ नये. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा, पण खोडाला चिकटवू नये.

हे मी शिकलो ते दुष्काळात. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे आम्हाला दगा देऊन गेले. मांजरा धरण आटलं. नळाला पाणी येण्याचे दिवस मोजत माणसं घागरी घेऊन रांगेत उभी राहू लागली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आम्ही ती बातमी वाचली नाही, आम्ही ती प्यालो.

ऑक्टोबरात मी बावीस रोपं लावून बसलो होतो. जानेवारीत एका सकाळी मी तांब्या घेऊन वाफ्याकडे निघालो, तेव्हा बायकोनं वाट अडवली. माणसांच्या घशाला कोरड पडलीय आणि तुम्ही फुलांना पाणी घालताय, लोक काय म्हणतील, असं ती म्हणाली. लोकांचं सोडा, मला स्वतःलाच उत्तर सुचेना. कविता लिहिणारा माणूस फुलांची बाजू घेईल असं तुम्हाला वाटेल. मी नाही घेतली. तांब्या परत माठाजवळ ठेवला.

मार्ग काढला तो अम्मीनं. तिला ही फुलं मुळीच आवडत नसत. "बास नई तो फूल कायका?" असं ती दखनीत म्हणायची. वास नाही हे खरंच होतं. पण त्या दिवसापासून ती वजूला बसताना खाली पसरट घमेलं ठेवू लागली. हात, तोंड, पाय धुतलेलं ते पाणी. त्यात साबण नाही, सोडा नाही. पाच वेळचं मिळून जे काही जमे ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाफ्याला जायचं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही बायको आपण होऊन त्यात ओतू लागली. बावीस रोपांना ते पुरणार नव्हतं. मी सोळा रोपं उपटली. उपटताना हात थरथरला, पण सहा जगवायची तर सोळा जाणार होती. ती सहाही झाडं फेब्रुवारीत फुलली.

फुलं वाळवायची असतील तर पूर्ण उमलू देऊ नयेत. बाहेरची दोन-तीन वर्तुळं उघडली आणि मधली चकती अजून झाकलेली आहे, तेव्हाच तोडावीत. तोडल्यावरही ती उमलत राहतात, म्हणून उशीर केला तर मागे वळून विस्कटतात. पानं काढून जुड्या बांधाव्यात आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगाव्यात. दोन-तीन आठवडे पुरतात. देठ मात्र वाळल्यावर मोडतो. म्हणून फूल ताजं असतानाच देठातून बारीक तार वर खोचावी. वाळताना फूल आवळतं आणि तारेला घट्ट धरतं. उन्हापासून लांब ठेवली तर रंग बराच काळ टिकतो. कायम टिकतो असं मात्र म्हणणार नाही. माझ्या पेल्यातली गुलाबी फुलं आता पांढुरकी झालीत, किरमिजी काळपट झालीत. पिवळी तेवढी तशीच आहेत.

त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला अम्मी गेली. कब्रस्तानात कबरीवर गुलाबाची चादर घातली, ती संध्याकाळपर्यंत करपून गेली. तिसऱ्या दिवशी मी जुडीतली मूठभर पिवळी फुलं घेऊन गेलो आणि उशाकडच्या मातीत खोचून आलो. तिला न आवडणारी फुलं नेली म्हणून मनात थोडं चोरटंही वाटत होतं. मग पाऊस आला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाऊस. दुसऱ्या सकाळी गेलो, तर फुलं घट्ट मिटलेली, कळ्यांसारखी. वाटलं, कुजली. मी तिथेच बसून राहिलो. ढग हटले, ऊन पडलं आणि एकेक छद मागे सरकू लागलं. तासाभरात सगळी फुलं उघडी.

त्यामागचं शास्त्र मी मघाशी सांगितलंच. त्यात चमत्कार नाही, ओल आणि वाळणं एवढंच आहे. तरी मी ते पूर्ण होईपर्यंत उठलो नाही.

दर ऑक्टोबरात मी सहाच रोपं लावतो. यंदाच्या पावसानं हात दिला तरीही सहाच. आणि अम्मीचं ते घमेलं अजून वजूच्या जागी असतं. आता ते मी भरतो.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)