अक्कलकोटचा प्लॉट : ऐकलेलं आणि खरं

३१ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं नाशिक–सोलापूर–अक्कलकोट या सहापदरी महामार्गाला मंजुरी दिली. लांबी ३७४ किलोमीटर, खर्च १९,१४२ कोटी रुपये. हा मूळच्या सुरत–चेन्नई मार्गाचाच टप्पा. त्याच्या मोजण्या, हरकती आणि मोबदल्यावरून झालेली शेतकऱ्यांची आंदोलनं तालुक्यानं आधीच पाहिली आहेत. पण प्लॉट विकणाऱ्यांना मंजुरीची बातमी पुरते. एकीकडे महामार्ग, दुसरीकडे स्वामी समर्थांच्या दर्शनाची गर्दी, मग इथला भाव पडेलच कसा? पुण्या-मुंबईच्या भक्ताला तर हिशेबाआधीच ‘स्वामींच्या गावात आपली एक जागा असावी’ असं वाटत असतं. त्या भावनेबद्दल काही म्हणणं नाही. मात्र त्याच जागेला ‘गुंतवणूक’ म्हटलं की वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला समज महामार्गाचाच. रस्ता जवळून गेला की जमिनीचं सोनं होतं, असं म्हणतात. हे जुन्या रस्त्यांबाबत बऱ्याच अंशी खरं होतं, कारण त्यांच्या कडेला ढाबा, पंप, दुकान काहीही टाकता यायचं. हा नवा मार्ग प्रवेशनियंत्रित आहे. गाड्या ठरावीक इंटरचेंजवरच चढणार-उतरणार, मधे दोन्ही बाजूंनी कुंपण. तुमचा प्लॉट त्या कुंपणापासून शंभर फुटांवर असला आणि इंटरचेंज पंधरा किलोमीटरवर, तर तुमच्या वाट्याला गाड्यांचा आवाज येतो, गिऱ्हाईक येत नाही. म्हणून ‘हायवे टच’ ऐकलं की कुठला हायवे आणि चढ-उतार कुठे, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगावं. सोलापूर–अक्कलकोट या चौपदरी रस्त्याची गोष्ट वेगळी आणि नव्या मार्गाची वेगळी. जाहिरातीत दोन्ही एक होतात. तीच गत ‘स्टेशनजवळ’ची. अक्कलकोट रोड हे रेल्वे स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे.

दुसरं म्हणजे, बातमी छापून आली त्या दिवशीच ती भावात शिरते. विकणारा पुढच्या दहा वर्षांचा विकास आजच्या दरात वसूल करतो. रस्ता रेंगाळला तर ती वर्षं घेणाऱ्याच्या अंगावर पडतात.

‘जमीन महामार्गात गेली तर लॉटरीच’ हेही तितकंच ऐकीव. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं बाजारभाव ठरवताना रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांमधले चढे आकडे पाहतात. जे जास्त भरेल ते धरतात, त्याला गुणकानं गुणतात आणि तेवढीच दिलासा रक्कम वर देतात. ग्रामीण भागात हा गुणक २ होता, म्हणून चौपट मोबदल्याची भाषा रूढ झाली. राष्ट्रीय महामार्गांसाठी राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये तो १ वर आणला आणि चौपटीची दुप्पट झाली. आंदोलनांमागचा राग इथला आहे. त्यात आणखी एक मेख आहे, ती आपणच मारलेली. मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात कमी रक्कम दाखवायची आणि उरलेली रोखीनं द्यायची, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. संपादनाच्या वेळी सरकार तोच कमी आकडा पुढे करतं. वाचवलेल्या काही हजारांपायी लाखांचं नुकसान होतं, तेही आपल्या एकट्याचं नाही, साऱ्या शिवाराचं.

आता भक्तांची गर्दी. स्वामी समर्थ इथे साधारण १८५७ पासून १८७८ मध्ये समाधी घेईपर्यंत राहिले, आणि त्यांच्या नावानं येणारा ओघ आजही वाढतोच आहे. पण गर्दी म्हणजे भाडं नव्हे. प्रकटदिन, पुण्यतिथी, गुरुपौर्णिमा, दत्तजयंती, गुरुवार आणि सुट्ट्या या दिवसांत खोली मिळत नाही. एरवी बरेच जण दर्शन आणि महाप्रसाद घेऊन त्याच दिवशी तुळजापूर, गाणगापूर किंवा पंढरपूरकडे निघतात. शिवाय खोल्यांच्या धंद्यात तुमची स्पर्धा भक्तनिवास-यात्रीनिवासांशी आहे. वटवृक्ष देवस्थान आणि १९८८ पासूनचं अन्नछत्र मंडळ यांच्या दरांना खासगी लॉजमालक कर्ज काढून टक्कर देऊ शकत नाही. मंदिराजवळची चालती जागा असेल तर गणित बसेल. चार किलोमीटरवरचा मोकळा प्लॉट भाडं देत नाही, फक्त गवत देतो.

सगळ्यांत महागात पडणारा समज मात्र कागदाचा आहे : ‘सातबाऱ्यावर नाव लागलं की जमीन आपली.’ सातबारा हा महसुली अभिलेख आहे. फेरफारानं मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलेलं आहे. मालकी येते नोंदणीकृत खरेदीखतानं, तीही विकणाऱ्याकडे मुळात ती असेल तरच. २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणात याच न्यायालयानं कुलमुखत्यारपत्र आणि साठेखतावर होणाऱ्या ‘विक्री’नं मालकी जात नाही, असं स्पष्ट केलं.

अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान होतं आणि वर तीर्थक्षेत्र. अशा ठिकाणी इनामाचा इतिहास तपासल्याशिवाय इसार देऊ नये. देवस्थान इनामाची जमीन विकताच येत नाही. भोगवटादार वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. उताऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि नेमका बोजा, कूळ, अटी सगळं तिथेच असतं. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यायला जो खर्च येतो तो प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

गुंठ्याचा प्रकार यातच येतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. मग पळवाट निघते ती सामाईक खरेदीखताची. दहा जणांनी मिळून वीस गुंठे घ्यायचे, नोटरीच्या कागदावर आपापले दोन-दोन गुंठे ठरवायचे. उताऱ्यावर दहा नावं, पण तुमचा तुकडा कुठला हे त्यात कुठेच नाही. बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि त्या दहांतल्या एकाचे वारस कोर्टात गेले की बाकी नऊ जण तारखांना. २०२५ मध्ये सरकारनं ही बंधनं सैल केली, पण ती शहरी आणि नियोजित निवासी क्षेत्रातल्या तुकड्यांसाठी. शेतीत राहिलेल्या जमिनीला ती सूट नाही. शिवाय महाराष्ट्रात बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. सीमेपलीकडे आळंद-अफजलपुरात, म्हणजे कर्नाटकात, ही अट २०२० मध्ये उठली. पाहुण्यांच्या ऐकीव गोष्टी इकडे लावू नयेत, त्या तिकडच्याच आहेत.

५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर महारेराची नोंदणी लागते आणि ती जाहिरातीच्या आधी. नंबर मागा, संकेतस्थळावर स्वतः बघा.

राहिलं ‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही.’ मुंबईत १९९५ च्या सुमारास भाव शिखरावर गेले आणि नंतरची कित्येक वर्षं घसरले. जपानच्या मोठ्या शहरांत १९९१ नंतर जवळजवळ दीड दशक जमीन स्वस्त होत गेली. लहान गावात भाव उतरल्याचं कळत नाही, कारण सौदेच थांबतात. दर तोच सांगतात, घेणारा नसतो. आणि ‘दहा वर्षांत दुप्पट’ झाली तरी हिशेब बघा. १० लाखांच्या प्लॉटवर मुद्रांक, नोंदणी आणि इतर खर्च ७० हजार धरला, विकताना २० लाखांवर दोन टक्के दलाली दिली, तर परतावा वर्षाला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येतो. १२.५ टक्के भांडवली नफा कर भरला की साडेपाचच्या थोडा वर. शेतजमिनीला या करातून सूट आहे, पण अक्कलकोटएवढ्या, दहा हजार ते एक लाख वस्तीच्या, गावाच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन त्या सवलतीत बसत नाही.

याउलट ‘जमिनीत पैसे घालणं म्हणजे मूर्खपणा’ हेही खरं नाही. पिकणारी, पाण्याची, रस्त्याची जमीन कसणाऱ्याच्या हाती असेल तर वाईट वर्षंही पचवते, कारण तिचं उत्पन्न पुढच्या गिऱ्हाइकावर अवलंबून नसतं. आणि कर्ज नसलेल्या मालकाला पडत्या भावात विकायची घाई नसते. जमिनीचा खरा टिकाऊपणा इथे आहे. पण पाणी आधी. गावाची तहान बोरी नदीवरच्या कुरनूर धरणावर भागते. पाऊस कमी तेव्हा टंचाई, आणि ऑक्टोबर २०२० सारखा कोसळला की बोरीकाठच्या शिवारात पूर. प्लॉट बघायला म्हणून एकदा मे महिन्यात जा आणि एकदा परतीच्या पावसानंतर. तोवर इसाराची रक्कम खिशातच राहू द्या; ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हणणाऱ्याला ते गिऱ्हाईक खुशाल घेऊ द्या.