गिटार घेताना आधी तारा पाहा

मुलीने गिटारचा हट्ट धरला तेव्हा आम्ही दुकानातली सर्वांत स्वस्त, चकचकीत लाल गिटार उचलली. पंधरा दिवसांत पोरीची बोटे सोलली, वाद्य कपाटावर गेले. "हिला चिकाटीच नाही," असे आम्ही बोलूनही गेलो. पुढे एका कारागिराने मोजून दाखवले. बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर वर होती! तिथे अडीच पुष्कळ झाले. दोष पोरीचा नव्हताच.

तेव्हा पालकहो, रंगाला भुलू नका. दांडी एका डोळ्याने न्याहाळा, ती पिळलेली नको. प्रत्येक फ्रेटवर तार दाबून वाजवा, खरखर नको. बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात लागला पाहिजे. तो बराच हुकत असेल तर ती गिटार घेऊच नका. अखंड लाकडाच्या फळीचा आग्रह नको. प्लायची स्वस्त पडते, पावसाळाही सोसते. बोटे कोवळी असतील तर नायलॉनच्या तारांची घ्या, मात्र तिच्यावर पोलादी तारा चढवू नका, ताणाने ब्रिज उखडतो.

आमच्या गिटारची दांडीतली सळई कसून, ब्रिजवरची पट्टी घासून त्याच कारागिराने तारा खाली आणल्या. आता पोर रोज संध्याकाळी वाजवायला बसते.