कापलेला प्राप्तिकर परत कसा मिळतो

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, तेव्हां त्या खात्याशीं आपला संबंध नाहीं, असा आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज असतो. परंतु उसाचे अगर द्राक्षांचे पैसे मुदतठेवींत ठेविले म्हणजे त्यांवरील व्याज शेतीचें उत्पन्न ठरत नाहीं. तें ठरीव मर्यादेबाहेर गेलें कीं बँक शेंकडा १० कर कापून सरकारांत भरते. ज्यांस मुळींच कर लागू नाहीं, त्यांचा हा पैसा परत मिळण्याजोगा असतो; मात्र विवरणपत्र भरल्यावांचून तो मिळत नाहीं.

विवरणपत्र आतां संगणकाद्वारें भरतात. भरल्यावर ३० दिवसांचे आंत आधारशीं जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकांनीं तें पडताळावें, अथवा पोंच सही करून टपालानें बंगळूरास पाठवावी. १ ऑगस्ट २०२२ पूर्वीं ही मुदत १२० दिवसांची होती. पडताळणीवांचून पत्रक भरलें असें धरलें जात नाहीं.

पुढील छाननी बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रांत होते. महसूल खात्यांत आम्ही पावती व खतावणी ताडून पाहत असूं. तेंच काम येथें यंत्र करितें. बँकेनें कळविलेला कर व आपण मागितलेला कर जुळला पाहिजे. बँकेनें पॅन क्रमांक चुकीचा लिहिला असेल तर मेळ बसत नाहीं. म्हणून खात्याच्या संकेतस्थळावरील करकपातीचा उतारा आधीं पाहावा व चूक बँकेकडून दुरुस्त करून घ्यावी.

छाननीचा निर्णय लेखी कळविला जातो. पत्रक ज्या आर्थिक वर्षांत भरलें, तें संपल्यापासून नऊ महिन्यांची मर्यादा त्यास आहे. जुनी बाकी असल्यास सूचना देऊन ती परताव्यांतून वळती करितात. बाकी मान्य नसेल तर मुदतींत उत्तर द्यावें. परताव्यावर दरमहा शेंकडा अर्धा टक्का व्याज मिळतें. मात्र परतावा ठरलेल्या कराच्या दशांशाहून कमी असेल तर मिळत नाहीं. रक्कम पॅनशीं जोडलेल्या व आधीं पडताळून ठेविलेल्या बँकखात्यांतच जमा होते.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खोट्या वजावटी दाखवून मोठा परतावा मिळवून देतों म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या नादीं लागूं नये; जाब करदात्यासच द्यावा लागतो. तसेंच परतावा देण्यासाठीं खातें कोणाचाही गुप्त अंक विचारीत नाहीं. विचारणारा ठग समजावा.