बारा पस्तीसची सावली

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही. खाली मीरा-भाईंदर रोडचे दिवे रात्रभर जळत असतात आणि चहूकडे टॉवर. तारे नीट पाहायचे तर शहराबाहेर वांगणीसारख्या ठिकाणी जावं लागतं. खगोल मंडळाने मुंबईच्या कितीतरी लोकांना तिथे नेऊन आकाश दाखवलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण मुलांना घेऊन रात्रभर बाहेर राहणं प्रत्येक घराला जमत नाही. म्हणून शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला खगोलशास्त्रज्ञांचा एक उपक्रम फार जवळचा वाटतो. त्याला दुर्बीण लागत नाही आणि अंधारही लागत नाही. लागतं ते भर दुपारचं ऊन.

शून्य सावली दिवस! ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकशिक्षण समितीने तो देशभर पोचवला. सूर्य 21 मार्चच्या सुमारास विषुववृत्तावर असतो, मग रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत 21 जूनला कर्कवृत्तावर, म्हणजे सुमारे 23.4 अंशांवर पोचतो. मीरा रोड साधारण 19.3 अंशांवर. तेव्हा वाटेत एकदा तो बरोबर आमच्या माथ्यावर येणारच, आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणार. ती तारीख 16-17 मेची. पुण्याला हा दिवस दोन-तीन दिवस आधी येतो, नाशिकला नंतर. जुलैअखेरीस परतताना सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा ढग असतात.

वेळ मात्र बाराची नव्हे. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या साडेनऊ अंश पश्चिमेला आहोत. अंशामागे चार मिनिटं उशीर. सूर्य आणि घड्याळ यांतला मे महिन्यातला थोडा फरक वजा केला की आमची मध्यान्ह 12.35 च्या सुमारास येते. मुलांना हे गणित फळ्यावर कितीही समजावा, डोळे मिटायला लागतात. गच्चीवर तेच गणित ती घड्याळ हातात धरून तपासतात.

टाकीशेजारी सपाट जागा बघून आम्ही स्टीलचा ग्लास पालथा ठेवतो. बाजूला एक पाइप उभा करतो, तोही ओळंबा लावून, कारण पाइप जरा कलला तर सावली खोटं बोलते. बारा वाजता ग्लासाची सावली पश्चिमेला बोटाच्या पेराएवढी असते. खडूने तिचं टोक आखत जायचं. ती आखडत आखडत ग्लासाच्या बुडाखाली शिरते. "टीचर, परछाई किधर गई?" आमच्या इमारतीतल्या मुलांची भाषा अशीच मिसळलेली. मी उत्तर देत नाही. पंधरा मिनिटं थांबायला सांगते, आणि पूर्वेच्या बाजूने बारीकशी काळी कड डोकावते.

गच्चीची किल्ली घेऊन आलेले आमचे वॉचमन जौनपूरचे. ते पाहून म्हणाले, "हमारे यहाँ तो दोपहर में भी थोड़ी परछाईं रह ही जाती है." अगदी बरोबर! जौनपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. उभं आयुष्य उन्हात वावरलेल्या माणसाकडे हे निरीक्षण आधीपासून होतं. शास्त्रज्ञाने त्याला फक्त कारण जोडून द्यायचं.

सुरुवात शिकणाऱ्याकडून व्हायला हवी, हे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांना नेमकं कळलं होतं. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी गराडा घालत, तेव्हा ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, सहीनिशी उत्तर येईल. सही हवी तर आधी प्रश्न सुचायला हवा, यापेक्षा चांगली शिकवण्याची रीत मला माहीत नाही. 1988 साली पुण्यात सुरू झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं आणि मुक्तांगण विज्ञान शोधिका यांना जागा दिली.

फलज्योतिषाबद्दलही त्यांनी नुसतं भाषण केलं नाही. संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत 2008 मध्ये चाचणी घेतली. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्यांवरून ओळखायचं होतं, मूल हुशार की बौद्धिकदृष्ट्या अक्षम. बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याच्याही खाली आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. शेजारणीने ग्रहांची भीती बोलून दाखवली की मी हीच चाचणी सांगते. त्यात कुणाचा अपमान नाही, म्हणून ती ऐकून घेते.

आता शास्त्रज्ञांकडे माझी एक मागणी आहे. आमच्या शून्य सावलीच्या दिवशी दिल्लीत मध्यान्हीला सूर्य माथ्यापासून नऊ अंशांहून थोडा अधिक कललेला असतो. दिल्लीतल्या एखाद्या शाळेने तो कोन मोजला, तर दोन्ही गावांमधल्या दक्षिणोत्तर अंतरावरून, म्हणजे सुमारे 1,030 किलोमीटरवरून, आमची मुलं पृथ्वीचा घेर काढतील. 40,000 किलोमीटरच्या आसपास उत्तर यायला हवं. कोणी खगोलशास्त्रज्ञाने येत्या मेआधी अशा शाळांच्या जोड्या लावून द्याव्यात. आमच्या बाजूचा ग्लास, ओळंबा आणि खडू तयार आहेत.