फलकावरील शब्द : रिसॉल, क्रोकेत आणि पाव

बंगळुरूतील एखाद्या साध्या, स्वस्त गोमंतकीय उपाहारगृहात शिरणाऱ्या भाषाभ्यासकाने प्रथम पदार्थांचा फलक वाचावा. रिसॉल, क्रोकेत, चोरीस-पाव ही नावे तेथे शेजारी शेजारी आढळतात. ही सर्व पोर्तुगीजांमार्फत आलेली आहेत. तरीही मराठी वाचकाला पहिली दोन परकी वाटतात, तर ‘पाव’ हा शब्द घरचा वाटतो. हा भेद का पडावा, याचा विचार तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही उपयुक्त आहे.

रिसॉल म्हणजे कोळंबीचे दाट, दुधाळ सारण भरलेली करंजीसारखी अर्धचंद्राकृती वस्तू. ती अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. क्रोकेत म्हणजे खिम्याचे लांबट मुटके. गोव्यात ते रव्यात घोळवतात. पदार्थांनी अशी स्थानिक वळणे घेतली, परंतु त्यांचा वावर मुख्यतः ख्रिस्ती कुटुंबे, समारंभ व खाद्यगृहे यांपुरता राहिला. शब्दही तेथेच थांबले.

‘पाव’चा प्रवास निराळा आहे. पोर्तुगीज उच्चारातील अनुनासिक कोंकणीत टिकला, मराठीत लोपला. गोव्यात पीठ माडाच्या सुरेने आंबवले जाऊ लागले. पाव भाजणारा ‘पादेइरो’ कोंकणीत ‘पोदेर’ झाला. मूळ विसरल्यावर लोकांनी नवी व्युत्पत्ती रचली : कणीक पायाने तुडवतात, म्हणून पाव! या व्युत्पत्तीत केवळ अज्ञान नाही, तिटकाराही आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा त्या प्रदेशाविषयी सांगितल्या जातात. पाव खाणे म्हणजे धर्म गमावणे, असा त्यांचा आशय होय. आज महाराष्ट्र ज्या वडापावाला आपली खूण मानतो, त्यात तोच पाव आहे. आणि वड्यातील ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे.

बंगळुरूत मात्र पाव इंग्रजी छावणीच्या वाटेने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे अय्यंगार वैष्णवांनी बेकऱ्या काढल्या. वसईच्या कथांत जो पदार्थ बाटवणारा ठरला, तोच येथे अंडे वर्ज्य करून ब्राह्मणांनी भाजला. त्यामुळे शब्दही ‘ब्रेड’ व ‘बन’ असे रुजले. बटाट्याला तर ‘आलूगड्डे’ हे नाव आहेच. असे असूनही वडापाव आणि पावभाजी ही नावे या शहरात भाषांतराविना चालतात. पोर्तुगीज शब्द मराठीचा होऊन कन्नड नगरात पुन्हा उसना दिला गेला, असे म्हणावे लागते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. ज्या शब्दाविषयी समाजात भय, निषेध आणि वाद झाले, तो शब्द घरचा झाला. ज्याच्याशी कोणी भांडले नाही, तो पाहुणाच राहिला. आदानप्रदानाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांतून लिहितो. स्वकीय कोणते आणि परकीय कोणते, याचा निवाडा मात्र पुष्कळदा अशा फलकांखालीच झालेला असतो.