आई कामावर गेली आहे

ऊसतोड सुरू झाली की कराड, पाटण, शिराळा, वाळवा या पट्ट्यातून एक बातमी ठरलेली असते: फडात बिबट्याचे बछडे सापडले. टोळी तोड करत शेवटच्या सऱ्यांपर्यंत येते आणि पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्लं वळवळताना दिसतात. बघता बघता बांधावर गर्दी होते, मोबाइल बाहेर निघतात आणि कुणीतरी म्हणतंच, ‘आई टाकून गेली वाटतं.’

ती टाकून गेलेली नसते, शिकारीला गेलेली असते. मादी बिबट्याचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा. पिल्लं बहुधा दोन-तीन, जन्मताना वजन जेमतेम अर्धा किलो आणि डोळे मिटलेले. ते उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. नर संगोपनाकडे ढुंकूनही पाहत नाही. दूध पाजायचं, राखण करायची आणि शिकारही करायची, सगळं एकटीनं. तिच्या पोटात मांस गेलं तरच पिल्लांना दूध मिळणार. म्हणून ती त्यांना दडवून निघते आणि कधी कधी अख्खा दिवस परतत नाही. पिल्लंही तोवर चिडीचूप पडून राहतात. जागेचा सुगावा लागू नये म्हणून दर काही दिवसांनी ती एकेका पिल्लाला तोंडात धरून नवी जागा शोधते. तिचं दूर जाणं हा संगोपनाचाच भाग आहे.

पश्चिमेला कोयना-चांदोलीचं जंगल आहे, २०१० पासून तिथं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही आहे. तरी बाळंतपणाला ऊसच का? आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. आत गारवा, जवळ पाटाचं पाणी, खायला रानडुकरं आणि वस्तीवरची कुत्री. पिल्लांना आईसोबत राहायला लागतो तोही साधारण दीड वर्षाचाच काळ. बिबट्या शेतात राहतो म्हणजे वाट चुकलेला असतो, हा समज डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासानं खोटा ठरवला. अकोले तालुक्यातल्या शेतशिवारात त्यांना दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

बछडे सापडले की आता वनखात्याची पद्धत ठरलेली आहे. त्या तुकड्यातली तोड थांबते. पशुवैद्यक पिल्लं तपासतात. अंधार पडायच्या आत ती क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात, भोवती ट्रॅप कॅमेरे लावतात आणि माणसं लांब जातात. मादी येते, आधी कानोसा घेते, क्रेट पाडते आणि एक पिल्लू मानेला धरून उसात दिसेनाशी होते. मग दुसऱ्यासाठी परत येते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही, ही समजूत अशा चित्रणांनी मोडीत काढली आहे.

तोंडात धरलेलं पिल्लू पाय आखडून गप्प लोंबकळतं, ती एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जपानच्या ‘रिकेन’ संस्थेत कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हे तपासलं. मानेला धरून उचललेलं उंदराचं पिल्लू शांत होतं आणि त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. सहा महिन्यांच्या आतल्या माणसाच्या बाळाचंही तसंच. आई नुसती घेऊन बसली तर फारसा फरक नाही. ती उठून चालू लागली की रडं थांबतं, ठोके उतरतात. पिल्लांची ही क्रिया औषधानं बोथट केल्यावर आईला त्यांना हलवायला जास्त वेळ लागला. बाळही आईला अशी साथ देतं.

मातृत्वाचं रसायन तर रक्तातच असतं. १९६८ साली टर्केल आणि रोझेनब्लाट यांनी नुकत्याच व्यालेल्या उंदरीच्या रक्तातला द्रव कधीच न व्यालेल्या उंदरीला टोचला, तर ती परक्या पिल्लांना नेहमीपेक्षा लवकर जवळ करू लागली.

एका बाबतीत मात्र माणसाची वाट वेगळी आहे. बिबट्याची मादी एकटी पोरं वाढवू शकते, माणसाची आई तशी घडलेलीच नाही. आजी, मावशी, थोरली बहीण अशा अनेक हातांवर मूल वाढवणं हेच आपल्या जातीचं वैशिष्ट्य, अशी मांडणी मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी २००९ साली केली. आणि त्याच फडाच्या बांधावर ऊसतोड बाईचं तान्हं झोळीत असतं. बीड किंवा जतकडून टोळी निघते तेव्हा म्हातारी माणसं बहुधा गावीच राहतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, त्यामुळे पाजायला थांबलं की मोळ्या कमी पडतात. तान्ह्याजवळ बसते ती सात-आठ वर्षांची बहीण, आणि अशा उघड्यावरच्या पोरांवर बिबट्यानं झडप घातल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत.

बिबट्याच्या पिल्लांसाठी एक रात्र तोड थांबवायला आपण शिकलो, हे चांगलंच झालं. बाईला पाजण्यापुरती उसंत आणि फडाजवळ पाळणाघर मिळालं, तर दोन्ही आयांची पोरं एकमेकांपासून सुरक्षित राहतील. पाळणाघराला लागतं एक पक्कं छप्पर आणि पगारी दाई. साखर कारखान्याच्या ताळेबंदात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.