मांडणी जुनी, चाली नव्या

बुद्धिबळाच्या स्पर्धेत मांडणीची चूक निघाली तर काय करायचे, याचा निकाल जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, नियमावलीत दिलेला आहे आणि तो बारकाईने वाचण्याजोगा आहे. पट आडवा पडला, म्हणजे खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढऱ्याऐवजी काळे घर आले, तर डाव मोडत नाही. आहे ती स्थिती नीट ठेवलेल्या पटावर उचलून मांडायची आणि पुढे खेळायचे. मोहरेच चुकीच्या घरांत ठेवून सुरुवात झाली असेल, तर मात्र डाव रद्द होतो आणि नवा मांडावा लागतो. हा भेद उगाच केलेला नाही. घरांचे रंग डोळ्यांच्या सोयीसाठी आहेत, ते उलटे झाले तरी एकाही मोहऱ्याची चाल बदलत नाही. दोन्ही बाजूंच्या राजा-वजिरांची अदलाबदल केली तरी आरशात दिसावा तसा तोच खेळ हाती येतो. पण ही अदलाबदल एकाच बाजूने झाली तर राजासमोर वजीर उभा राहतो आणि खेळ खरोखरच दुसरा होतो. ‘वजीर आपल्या रंगाच्या घरात’ हा पाठ मुलांना पहिल्याच दिवशी दिला जातो. त्याचे खरे काम रंग जुळवण्याचे नाही, दोन्ही राजे एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर आणण्याचे आहे.

म्हणजे ज्या मांडणीला आपण बुद्धिबळाचा पाया समजतो, तिचा काही भाग निव्वळ संकेत आहे आणि काही भागावर खेळाचे स्वरूप ठरते. या दुसऱ्या भागाबद्दल माझे म्हणणे असे, की तो आजच्या खेळासाठी कोणी आखलेलाच नाही. आज आपण नव्या दमाचे सैन्य जुन्या सैन्याच्या छावणीत उभे करतो. बुद्धिबळाची पुष्कळशी गुंतागुंत, त्यातले धोके आणि त्यातली गंमत, या विसंगतीतून आली आहे.

छावणी किती जुनी आहे ते पाहू. सातव्या शतकात बाणभट्ट ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्याची थोरवी सांगताना चतुरंगाचा आणि अष्टापदाचा श्लेष साधतो. अष्टापद म्हणजे आठ-आठ घरांचा पट. तो एकरंगी असे. काळ्या-पांढऱ्या घरांचा पट युरोपात दहाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. कोपऱ्यात कोणी उभे राहायचे यावर मात्र पुष्कळ काळ एकमत नव्हते. बगदादच्या दरबारातला नवव्या शतकातला खेळाडू अल-अदली भारतीय पद्धतीत हत्ती कोपऱ्यात असतात अशी नोंद करतो, तर त्याच्या स्वतःच्या शतरंजमध्ये, म्हणजे याच खेळाच्या अरबी रूपात, हत्ती आतल्या बाजूला आणि कोपऱ्यात रुख, म्हणजे आजच्या हत्तीसारखा सरळ चालणारा मोहरा. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी (घराणे मूळचे आपल्या पैठणचे) ‘नीतिमयूखा’त जी मांडणी दिली, ती मराठी वाचकाला घरचीच वाटेल: मध्ये राजा आणि मंत्री, त्यांच्या शेजारी उंट, मग घोडे आणि कोपऱ्यांत हत्ती. नावे आणि प्राणी बदलत राहिले. सांगाडा मात्र टिकला: मध्यभागी राजा व त्याचा सल्लागार, दोन्हीकडे जोडीजोडीने तीन प्रकारचे मोहरे आणि पुढे प्याद्यांची भिंत.

या सांगाड्यात उभे राहणारे मोहरे फारच मंद होते. शतरंजमधला वजीर तिरके एकच घर जाई. आज ज्याला आपण उंट म्हणतो, त्याच्या जागचा मोहरा तिरक्या दिशेने दुसऱ्याच घरात उडी घेई, त्यामुळे चौसष्टपैकी फक्त आठ घरे त्याला आयुष्यभरात गाठता येत. लांब पल्ल्याचा एकटा कोपऱ्यातला मोहरा, आणि तोही स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला. अशा सैन्यात राजाने मधोमध उभे राहण्यात काहीच धोका नव्हता. उलट खेळ इतका सावकाश तापे की अल-अदली आणि त्याच्यानंतरचा नामवंत खेळाडू अस-सुली यांच्या काळचे खेळाडू सुरुवातीच्या कित्येक चाली प्रतिपक्षाकडे फारसे न पाहता, आपापला ठरलेला व्यूह रचण्यात घालवत. अरबी ग्रंथांत या व्यूहांना स्वतंत्र नावे आहेत. पटावरची मूळ मांडणी त्यांच्या दृष्टीने केवळ कच्चा माल होता.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये वजिराला आणि उंटाला आजची लांब झेप मिळाली आणि हे सगळे उलटेपालटे झाले. मोहऱ्यांची ताकद बदलली, उभे राहण्याच्या जागा तशाच राहिल्या. राजाच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे घ्या. त्याला सुरुवातीला राजाखेरीज कोणाचाच आधार नसतो. जुन्या खेळात तिथवर पोहोचायला शत्रूला वेळ लागे. नव्या खेळात वजीर आणि उंट मिळून चौथ्या चालीला तिथेच मात करतात, आणि शिकाऊ मुले दरवर्षी त्यात सापडतात. मधला राजा आता उघड्यावर पडला, म्हणून किल्लेकोट आला. एका चालीत आपले दोन मोहरे हलवायची मुभा खेळात इथेच आहे. नियमांच्या बांधणीत हे ठिगळ स्पष्ट दिसते. त्याचे स्वरूपही सगळीकडे लगेच एक झाले नाही. इटलीत राजा-हत्ती कुठे थांबावेत याची मोकळीक एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होती. प्याद्याची पहिली दोन घरांची चाल त्याहून जुनी, ती स्पेनच्या दहाव्या अल्फॉन्सोच्या १२८३ सालच्या ग्रंथात आहे. पण तिचाही उद्देश दूरदूर उभ्या केलेल्या दोन फौजा लवकर भिडवण्याचाच असणार.

आपल्याकडे याच अडचणीवर वेगळी उत्तरे काढली गेली. देशी पद्धतीत किल्लेकोट नव्हता. शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे एकेक घर चाले. राजासमोर प्रतिपक्षाचा वजीर असे. आणि प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या पट्टीत पोहोचले, तिथल्या मूळ मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. या शेवटच्या नियमाकडे दुर्लक्ष होते, पण माझ्या मते तो सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे, कारण त्यामुळे पहिली मांडणी डावाच्या अखेरपर्यंत जिवंत राहते. आजच्या खेळात शेवटच्या रांगेतली सगळी घरे सारखीच, कुठेही वजीर मिळतो. १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापले गेले, तेव्हा ते ‘युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले’ आहे असे शीर्षकातच सांगावे लागले. दोन पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या हे त्यातून कळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चौदा शतके टिकलेली मांडणी सर्वोत्तम असली पाहिजे, नाहीतर ती गळून पडली असती. पण याच कुळातले इतर खेळ वेगळी साक्ष देतात. ब्रह्मदेशातल्या सित्तुयिनमध्ये प्यादी तेवढी ठरलेल्या जागी असतात, बाकीचे मोहरे खेळाडू स्वतःच्या मर्जीने मांडतात. थायलंडच्या मकरुकमध्ये प्यादी तिसऱ्या रांगेत असतात आणि राजे समोरासमोर नसतात. हे खेळही शतकानुशतके चालू आहेत. टिकणे हा गुणवत्तेचा पुरावा होत नाही; सर्वांना एकच मांडणी ठाऊक असण्यात जी सोय आहे तिचा तो पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मांडणी अशी योगायोगाची असेल, तर ती धरून का बसायचे? माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये हाच प्रश्न कृतीने विचारला. मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठी टाकून मांडायचे, दोन उंट वेगवेगळ्या रंगांवर आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढ्याच अटी. उंटांच्या १६ जागा, वजिराच्या ६, घोड्यांच्या १०, गुणाकार ९६०. आपली नेहमीची मांडणी त्यांतली एक, क्रमांक ५१८. फिशरचा राग सुरुवातीच्या चालींच्या पाठांतरावर होता आणि तो खोटा नव्हता. भारतातला खेळाडू मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढलेला. १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यवीर झाला, पुढे १९३२ व १९३३ मध्येही. सुरुवातीच्या चालींचे त्याचे ज्ञान तुटपुंजे होते, तरी हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. मांडणीचे ज्ञान आणि खेळाचे ज्ञान या दोन गोष्टी आहेत, याला याहून चांगला दाखला मिळणे कठीण. २०१९ च्या फिशर-पद्धतीच्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत वेस्ली सोने तेव्हाच्या जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला १३.५–२.५ असे हरवले, हेही लक्षात ठेवावे.

तरीही फिशरने राजाला दोन हत्तींच्या मध्येच ठेवले, कारण किल्लेकोट शाबूत राहायला हवा होता. छावणी मोडताना त्याने ठिगळ जपले. २०२० मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी डीपमाइंड आणि माजी जगज्जेता क्रामनिक यांनी उलटी वाट धरली: मांडणी तीच ठेवून नियम बदलले आणि संगणकाला खेळवून पाहिले. त्यात किल्लेकोट नसलेला खेळ होता, प्याद्याने नेहमी एकच घर चालायचा खेळही होता. आपल्याकडचे जुने नियम तिथे नवा प्रयोग म्हणून तपासले गेले! मला हीच वाट अधिक योग्य वाटते. पाठांतराचे ओझे मूठभर व्यावसायिकांना आहे, त्यांनी चिठ्ठ्या जरूर टाकाव्यात. बाकीच्या खेळाडूंना एकच मांडणी असल्यामुळे जुने डाव वाचता येतात आणि अनोळखी माणसासमोर बसून लगेच खेळता येते. ती मांडणी निर्दोष नाही, पण बदलायचेच असेल तर ठिगळे बदलून पाहावीत. दिवाळीच्या सुट्टीत पट काढलात तर एक डाव राजासमोर वजीर ठेवून मांडा, किल्लेकोट करू नका, प्यादी एकेक घर चालवा आणि पलीकडे पोहोचलेल्या प्याद्याला त्याच्या पट्टीतला मोहरा द्या.